साहेब, एक विचारू का?

निवडणूक जाहीर झाली की गल्लीबोळांना जाग येते. वर्षानुवर्षे उखडलेल्या रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग येऊन पडतात, बंद पडलेले दिवे लागतात, आणि एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास लांबून ताशाचा आवाज ऐकू येऊ लागतो. उमेदवाराची पदयात्रा! पाहता पाहता तो दारात उभा राहतो. हात जोडलेले, गळ्यात पक्षाचे उपरणे, मागे पंधरा-वीस कार्यकर्ते. घरातले कोणी लगबगीने ओवाळणीचे तबक घेऊन येते. 'नमस्कार काका, लक्ष असू द्या' म्हणेपर्यंत त्याचा एक पाय पुढच्या दाराकडे वळलेलाही असतो. आणि नेमक्या त्या क्षणी दारातल्या आजी विचारतात, "साहेब, एक विचारू का? आमच्याकडे पाणी पहाटे साडेतीनला का येतं?"

या प्रश्नाला काय उत्तर मिळते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पहिले उत्तर उमेदवार आजींना देतच नाही, तो मागे वळून म्हणतो, "अरे, लिहून घे रे!" मागचा कार्यकर्ता मान डोलावतो, वही मात्र कोणाच्याच हातात नसते. दुसरे उत्तर असते आत्मविश्वासाचे : "मावशी, माझ्या लक्षात आहे ते. निवडून आल्याबरोबर पहिलं काम तुमचंच!" (असे 'पहिले काम' एका वॉर्डात किमान दोनशे घरांना मिळालेले असते.) तिसरे प्रतिप्रश्नाचे : "इतकी वर्षं ज्यांना निवडून दिलंत, त्यांनी काय केलं ते विचारा आधी." आणि चौथे, सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवे, ते नात्याचे : "मावशी, मी तुम्हाला मुलासारखा. मुलाला कधी सांगावं लागतं का?" आता मुलालाच कोण जाब विचारणार? आजी हसतात, कपाळाला कुंकू लावतात, पदयात्रा पुढे जाते. पाणी दुसऱ्या दिवशीही पहाटे साडेतीनलाच येते.

याचे खापर एकट्या उमेदवारावर फोडणे सोपे आहे. पण थोडा हिशेब मांडून पाहू. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे सरासरीने एका उमेदवारामागे ३ लाख ३७ हजार मतदार. अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी जाहीर प्रचार थांबला. हे झाले चौदा दिवस. उमेदवाराने रोज बारा तास अखंड, जेवणखाण विसरून, फक्त मतदारांना भेटायचे ठरवले, तरी एकेकाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. नुसता 'नमस्कार' म्हणायलाच तेवढा वेळ लागतो! तेव्हा दारात उभे राहून सविस्तर उत्तर मिळेल ही अपेक्षाच गणिताला धरून नाही. मग प्रश्न विचारायचाच नाही का? विचारायचा तर कसला, आणि कुठे?

प्रश्न की काम?

आपल्याकडे मतदार उमेदवाराला जे विचारतो, त्यातले बरेचसे प्रश्न हे खरे तर प्रश्न नसतात, ती 'कामे' असतात. मुलाचा शाळाप्रवेश, भावाची बदली, रेशनकार्डावरचे नाव, इस्पितळातली खाट. 'साहेबांकडे एक काम होतं' या वाक्यात आपल्या लोकशाहीचा केवढा तरी व्यवहार सामावलेला आहे. सुखवस्तू घरात बसून याला नावे ठेवणे सोपे असले तरी ते न्यायाचे नाही. ज्याला कचेरीत कोणी उभे करत नाही, त्याच्यासाठी आमदाराची चिठ्ठी हीच कचेरीच्या दाराची किल्ली असते. चार हेलपाटे घालूनही जे झाले नाही, ते एका फोनने होते. मग तो फोन करणारा माणूस देवासारखा वाटला तर नवल काय?

पण यात नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण घ्या. नियमात बसणाऱ्या विधवा बाईला ते अनुदान मिळणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते तिला वेळेवर मिळत नाही, मग एक कार्यकर्ता तिची कागदपत्रे घेऊन जातो, साहेबांचे पत्र जोडतो आणि काम होते. बाईला वाटते, साहेबांनी दिले. तिच्या हक्काचे रूपांतर उपकारात झाले, आणि उपकाराची फेड करायची असते मताने. शेजारच्या गल्लीतली तशीच दुसरी विधवा, जिची कोणा कार्यकर्त्याशी ओळख नाही, ती तशीच राहते.

पहिल्या बाईने काम सांगितले. प्रश्न वेगळा झाला असता : 'आपल्या तालुक्यात अशा अनुदानाचे किती अर्ज किती महिने पडून आहेत, आणि ते निकाली काढण्यासाठी तुम्ही काय करणार?' महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्याखाली अधिसूचित केलेली सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. म्हणजे कायद्याचा आधारही आहे. कामाला उत्तर मिळते ते एकट्याला, कानात आणि उपकाराच्या रूपात. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते सर्वांसमोर, आणि त्याने उपकार होत नाहीत, हिशेब होतो. म्हणूनच आपण कामे सांगावीत हे उमेदवारांना आवडते. प्रश्न विचारलेले तितकेसे आवडत नाहीत.

'नाही' म्हणणारे उमेदवार

मतदाराला आश्वासन द्यायचे की आपले मत सांगायचे, हा पेच जुनाच आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराने १७७४ साली पार्लमेंटवर दोन प्रतिनिधी निवडून दिले. त्यांतले हेन्री क्रूगर म्हणाले की मतदार जे सांगतील तसे मी वागेन. दुसरे होते एडमंड बर्क. ३ नोव्हेंबरच्या आपल्या भाषणात त्यांनी मतदारांना तोंडावर सांगितले की तुमची इच्छा मला मोलाची आहे, तुमच्यासाठी मी माझी झोप आणि सुख सोडेन. पण माझी विवेकबुद्धी तुमच्या हुकमाला गहाण ठेवणार नाही. पुढे आयर्लंडशी व्यापार खुला करण्यासारख्या आणि कॅथलिकांवरील बंधने सैल करण्यासारख्या प्रश्नांवर त्यांनी ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना न रुचणारी भूमिका घेतली, मतदारसंघात फिरकलेही फारसे नाहीत. १७८० साली पुन्हा उभे राहण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मतदारांसमोर उभे राहून एकेका आक्षेपाला उत्तर दिले, वारे विरुद्ध आहे हे ओळखले आणि निवडणुकीतून माघार घेतली. बर्क बरोबर की ब्रिस्टलचे व्यापारी, हा वाद आजही संपलेला नाही. पण त्या मतदारांना आपला माणूस कुठे उभा आहे हे आधी माहीत होते आणि नंतरही कळले. 'नाही' हेसुद्धा उत्तर असते. आपल्याला ते ऐकायला मिळत नाही, कारण ऐकून घ्यायची आपलीही फारशी तयारी नसते.

आश्वासन न देणाऱ्या उत्तराचे एक हलकेफुलके उदाहरण घरातल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. १८६० च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभे असलेल्या अब्राहम लिंकन यांना न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने पत्र लिहिले. तुमचा चेहरा फार बारीक दिसतो, दाढी राखा, म्हणजे जास्त मते मिळतील, असा तिचा सल्ला होता. मुलीला मत नव्हते. प्रचाराच्या धामधुमीतही लिंकन यांनी १९ ऑक्टोबरला तिला उत्तर धाडले. 'तुझ्यासाठी नक्की राखतो' असे काही त्यात नव्हते. उलट आजवर कधी दाढी ठेवली नाही, आता एकदम ठेवली तर लोक त्याला नाटकीपणा म्हणणार नाहीत का, असे त्यांनी तिलाच विचारले. निवडून आल्यावर मात्र त्यांनी दाढी राखली. पुढल्या फेब्रुवारीत राजधानीकडे जाताना तिच्या गावी गाडी थांबली, तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेऊन दाढी दाखवलीही! शब्द दिला नव्हता, कृती केली.

न मिळालेले उत्तर

उमेदवाराला भर सभेत प्रश्न विचारण्याची प्रथा स्कॉटलंडात चांगलीच रुजली होती. इंग्रजीत सभेत मध्येच टोकण्याला 'हेकलिंग' म्हणतात. हा मूळचा कापडधंद्यातला शब्द. अळशीच्या झाडापासून निघणारे धागे लोखंडी दातांच्या फणीने विंचरून साफ करणे म्हणजे हेकलिंग. स्कॉटिश मतदार पार्लमेंटच्या उमेदवाराला प्रश्नांच्या फणीने असेच विंचरून काढत, म्हणून तो शब्द तिथे चिकटला. त्यात हुल्लड नव्हती, तपासणी होती.

पण उत्तर देणाऱ्याने तोंडच मिटले तर? १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लिबरल पक्षाची सभा होती. सर एडवर्ड ग्रे बोलत होते. श्रोत्यांतून अ‍ॅनी केनी ही गिरणीकामगार तरुणी उठली आणि तिने विचारले, लिबरल सरकार आले तर स्त्रियांना मताधिकार देईल का? उत्तर नाही. ख्रिस्ताबेल पँकहर्स्टने पुन्हा विचारले. उत्तर नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पोचवला गेला. तरीही उत्तर नाही. शेवटी दोघींना सभागृहाबाहेर काढण्यात आले. दंड भरायचे नाकारून दोघी तुरुंगात गेल्या. एका साध्या 'हो' किंवा 'नाही'ला टाळण्याची केवढी ही धडपड! पण त्या न दिलेल्या उत्तराचीच दुसऱ्या दिवसापासून देशभर चर्चा झाली. १९१८ साली ब्रिटनमधल्या तीस वर्षांवरील अनेक स्त्रियांना आणि १९२८ साली सर्व प्रौढ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले. कधीकधी उत्तर मिळाले नाही हीच प्रश्नाची कमाई असते. मात्र ते मिळाले नाही हे चारचौघांना दिसावे लागते.

कॅमेऱ्यासमोर

दूरचित्रवाणी आली आणि चारचौघांचे चार कोटी झाले. २४ मे १९८३ रोजी, ब्रिटनमध्ये निवडणुकीचा प्रचार सुरू असताना, बीबीसीच्या एका कार्यक्रमात पंतप्रधान मार्गारेट थॅचर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत होत्या. भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने त्यांना फॉकलंड युद्धाबद्दल विचारले : 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका निषिद्ध क्षेत्राबाहेर होती आणि बेटांपासून दूर निघाली होती, मग ती बुडवण्याचा हुकूम का दिलात? या नौकेवर ३२३ माणसे मेली होती. थॅचरबाईंनी आपल्या नौकांना तिच्यापासून धोका होता हे ठासून सांगितले. पण नौका कोणत्या दिशेने चालली होती ते अंशांमध्ये सांगून ती बाई तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिली. भल्याभल्या पत्रकारांना न जुमानणाऱ्या पंतप्रधान त्या दिवशी अस्वस्थ झालेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. ९ जूनची निवडणूक त्यांनी मोठ्या बहुमताने जिंकली, ही गोष्ट वेगळी. प्रश्नाने सरकार पडत नाही. पण नेमकी माहिती हाती असलेल्या एका माणसाला साचेबंद उत्तराने गप्प करता येत नाही, एवढे त्या संध्याकाळी सिद्ध झाले.

याउलट गोष्ट १९९२ ची. १५ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या रिचमंड शहरात अध्यक्षपदाच्या तीन उमेदवारांना सामान्य मतदारांनी प्रश्न विचारायचे होते. एका तरुणीने विचारले, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? अध्यक्ष जॉर्ज बुश गोंधळले. प्रश्न नीट कळला नाही असे म्हणाले. तिला कर्ज नव्हे, मंदी म्हणायचे होते. बिल क्लिंटन चालत तिच्यापर्यंत गेले, तुमच्यावर काय परिणाम झाला असे तिलाच विचारले, आणि आपल्या छोट्या राज्यात कोणाची नोकरी गेली तर ती माणसे मला नावानिशी ठाऊक असतात, असे सांगितले. बुश यांनी त्या रात्री घड्याळाकडे टाकलेली नजर आणि क्लिंटन यांची ती चार पावले लोकांच्या लक्षात राहिली. कोणाची आर्थिक योजना काय होती, हे मात्र फारच थोड्यांना आठवते. आपुलकी हे उत्तर नव्हे. पण ते उत्तरासारखे दिसते. 'मी तुम्हाला मुलासारखा' याचीच ही अमेरिकन आवृत्ती.

आणि पाठ फिरल्यावर काय होते, ते २८ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनमधल्या रॉचडेल गावी जगाने ऐकले. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना त्यांच्याच पक्षाच्या एका वृद्ध मतदार बाईने देशावरचे कर्ज आणि परदेशातून येणारे लोक यांबद्दल विचारले. ब्राऊन हसून बोलले, निरोप घेतला, मोटारीत बसले आणि त्या बाईला 'संकुचित मनाची' म्हणून मोकळे झाले. कोटावरचा मायक्रोफोन चालूच होता! त्याच दिवशी त्यांना तिच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. तिच्या मताशी ते दारातच असहमत झाले असते, तर वाद झाला असता. नाचक्की झाली नसती.

कायद्याने विचारलेले प्रश्न

आपल्याकडे असे समोरासमोरचे जाहीर प्रसंग कमी. पण एका बाबतीत आपण जगाला सांगावी अशी वाट काढली आहे. प्रत्येक मतदार प्रत्येक उमेदवाराला भेटू शकत नाही, म्हणून काही प्रश्न मतदाराच्या वतीने कायद्यानेच विचारायचे. अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापकांनी १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ मे २००२ च्या निकालाने उमेदवाराची पार्श्वभूमी जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य झाला. संसदेने कायदा बदलून ही सक्ती पातळ करू पाहिली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. तेव्हापासून शिक्षण किती, मालमत्ता किती, देणे किती, फौजदारी खटले किती, हे उमेदवाराला शपथेवर लिहून द्यावे लागते.

यावरही उमेदवारांनी तोड काढली. गैरसोयीचा रकाना कोरा सोडायचा! 'अरे, लिहून घे रे'चेच हे कागदी रूप. १३ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की रकाना कोरा ठेवता येणार नाही. सूचना देऊनही तो भरला नाही तर अर्ज फेटाळता येईल. अर्थात या हक्कालाही सीमा आहे. उमेदवाराच्या घरातली झाडून सारी चीजवस्तू जाणण्याचा हक्क मतदाराला नाही, असे याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटले, आणि ते रास्तच आहे. आपल्याला त्याच्या घरात डोकवायचे नाही. त्याला आपल्या घराच्या वतीने पाठवायचे आहे. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. किती घरांत ती मतदानापूर्वी वाचली जातात, हा प्रश्न मात्र उमेदवाराला नव्हे, आपल्यालाच विचारावा लागेल.

मग विचारायचे काय?

काही उत्तरे उमेदवाराच्या हातात नसतात, हेही ध्यानात ठेवावे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. तेव्हा 'या विधेयकावर तुम्ही कसे मत द्याल?' असे बर्कच्या काळासारखे विचारून फारसे हाती लागत नाही. पण पक्षादेश कोणालाही प्रश्न विचारण्यापासून सहसा अडवत नाही. आमदार-खासदाराचे मोठे हत्यार कोणते? प्रश्नच! तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना. मंत्र्याला उत्तर द्यायला लावण्यासाठीच तर आपण त्याला पाठवतो. त्या प्रश्नाचे मोल किती, हे एका लाजिरवाण्या घटनेनेही दाखवून दिले. पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झाल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना संसदेतून काढण्यात आले. जी वस्तू विकत घ्यायला लोक तयार असतात, ती आपण मतासोबत फुकट देऊन टाकतो.

म्हणून उमेदवाराला काम सांगण्याऐवजी तो सभागृहात नेऊ शकेल असा प्रश्न द्यावा. आजींचे पाणीच घ्या. 'आमच्याकडे पाणी सोडा' हे काम झाले. 'आपल्या वॉर्डाला रोज किती पाणी मंजूर आहे, प्रत्यक्ष किती येते, आणि उरलेले कुठे जाते? पहिल्या वर्षात हे तुम्ही शोधून काढून आम्हाला जाहीरपणे सांगाल का?' हा झाला प्रश्न. त्यात आकडा आहे, मुदत आहे, आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याला जागा आहे. तो दारात विचारण्यापेक्षा सोसायटीच्या, मंडळाच्या, वाचनालयाच्या बैठकीत, सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलावून विचारावा. मुंबई-पुण्यात काही नागरिक संघटनांनी असे मेळावे घेतलेले आहेत. एखादा उमेदवार आला नाही तर त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. मँचेस्टरच्या सभेने शिकवलेला धडा तोच आहे : उत्तर टाळले, हे दिसले पाहिजे. आणि एखाद्याने प्रांजळपणे 'हे माझ्या हातात नाही' किंवा 'मला ठाऊक नाही, माहिती घेऊन सांगतो' म्हटले, तर त्याची टिंगल न करता त्याच्या नावापुढे एक गुण जास्त मांडावा.

पुढच्या निवडणुकीआधी एखाद्या रविवारी हा उद्योग घरात करून पाहण्यासारखा आहे. सगळ्यांनी बसून फक्त तीन प्रश्न काढायचे. ज्यांना अजून मत नाही अशा मुलांनाही त्यात घ्यायचे; खेळाच्या मैदानाचे काय झाले हे तीच विचारतील. एका कागदावर प्रश्न, त्यापुढे उमेदवारांची नावे, मिळालेली उत्तरे आणि तारीख. कोणी उत्तर दिलेच नाही तर तसेही लिहायचे. मग तो कागद वाणसामानाच्या यादीबरोबर रद्दीत जाऊ न देता कपाटात, वीजबिलांच्या आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत लावून ठेवायचा. पाच वर्षांनी पुन्हा ताशाचा आवाज येईल, तेव्हा तो फायलीतून बाहेर काढता येईल. एरवी पावत्या आपण जपून ठेवतोच. ही एक आपण दिलेल्या मताची.